अर्थ राहिला

काकूला उखाण्यात हरवील अशी बाई आमच्या गल्लीत अजून जन्मायची होती. लग्न असो, डोहाळजेवण असो, नव्या सुनेचं माप ओलांडणं असो, बायका आधी काकूला आवतण द्यायच्या आणि मग वाजंत्र्याला. काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. काका करमाडला शेती बघायचे आणि काकू शहरात आमच्यापाशी राहायची, कारण तिला म्हणे गावचं पाणी मानवत नव्हतं. खरं सांगू का, तिला गावात ऐकणारी माणसं पुरत नव्हती. इथं कशी भरलेली गल्ली होती, आणि दर चार घरांआड एक समारंभ. काकू पदर सावरायची, घसा खाकरायची, सगळ्या गप्प झाल्याची खात्री करून घ्यायची आणि म्हणायची, "ताकाच्या डेऱ्यात रवी घुमते भारी, गोविंदरावांचं नाव घेते उभी राहून दारी." बायका खिदळायच्या, कुणी 'आणखी एक, आणखी एक' म्हणायचं. मी तेव्हा अशी परकर आवरत फिरणारी. एकदा मी मधेच विचारलं, "काकू, डेरा चुलीपाशी आणि तू दारात. मग ताक कोण घुसळतंय?" आईनं मला मागून चिमटा काढला. काकूनं डोळे वटारले. "यमक जुळलं की झालं गं भवाने, अर्थ कोण बघतंय?" असं म्हणून तिनं पुढचा उखाणा सुरू केला. मला ते पटलं नाय. आज ऐंशी उलटली तरी पटलेलं नाय.

आमचं घर दोन खोल्यांचं, पुढं पडवी आणि वर मातीचं माळवद. शेजारच्या घराचं माळवद आमच्या माळवदाला खेटून, मधे गुडघाभर उंचीचा कठडा. शेजारी मेहरूचं घर. तिचे अब्बा हिमरूचं नक्षीदार कापड विणायचे, त्यांचा माग दिवसभर खटक-खटक चालायचा, आणि आमच्या घरातली सगळी कामं त्या तालावर व्हायची. आईची भाकरीसुद्धा त्याच ठेक्यात थापली जायची. माग थांबला की आई म्हणायची, "जेवायला बसले वाटतं चाचा," आणि अण्णांचं ताट वाढायला घ्यायची. शुक्रवारी माग बंद, तेव्हा गल्ली अशी सुनी वाटायची की विचारू नका. त्यांच्याकडून खलियाचा, म्हणजे मटणाच्या रश्श्याचा वास यायचा, आमच्याकडून येसराच्या आमटीचा, आणि माळवदावर गेलं की दोन्ही वास एकत्र लागायचे. आम्हाला एकमेकींच्या घरचं जेवायची मुभा नव्हती. कठड्यावर बसून चिंचा, शेंगा आणि वाळत घातलेल्या कुरडया खायला मात्र कुणाची आडकाठी नव्हती.

माझे वडील, अण्णा, तहसील कचेरीत पेशकार होते. तेव्हा राज्य हैदराबादचं, कचेरीचा कारभार उर्दूत. काळी शेरवानी घालून सकाळी निघायचे आणि दिवेलागणीला यायचे. लोकांचे अर्ज साहेबापुढं ठेवायचे, साहेब जो हुकूम करील तो उर्दूत लिहायचा, मंजूर नायतर नामंजूर, हे त्यांचं काम. दिवसभर तेच लिहून की काय कोण जाणे, घरातही त्यांचं बोलणं तेवढंच उरलं होतं. आईनं माहेरी जाऊ का विचारलं तर म्हणायचे, "मंजूर." मी खुलताबादच्या उरुसाला जाऊ का विचारलं तर, "नामंजूर." का, कशासाठी, हे विचारायची सोय नव्हती. रागावत नसत, मारत नसत, एवढंच. गल्लीतल्या इतर पोरींच्या बापांकडं बघता तेही काही कमी नव्हतं, असं आई म्हणायची. मला मात्र त्या एका शब्दाची लई चीड यायची.

मला शाळेत घातलं ते मात्र त्यांनीच. पोरींची शाळा, शिकवणं सगळं उर्दूत, मराठीचा एक तास आणि इंग्रजीचा एक. इंग्रजी शिकवायला हैदराबादहून आलेल्या उस्तानी होत्या, पडद्याच्या टांग्यातून यायच्या, आवाज बारीक पण वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. मेहरू आणि मी एका चटईवर. तिच्या घरी सगळे बैतबाजी खेळणारे, म्हणजे एकानं शेर म्हणायचा आणि त्याच्या शेवटच्या अक्षरावरून दुसऱ्यानं. माझ्या घरी काकूचे उखाणे. तेव्हा इंग्रजी शब्द हाताला लागल्याबरोबर आम्ही दोघींनी पहिलं काय केलं असेल, तर त्यांची यमकं जुळवायला बसलो. मेहरू यमकाला काफिया म्हणायची. आमच्या खेळाचं नावच पडलं काफिया.

पहिल्याच दिवशी भांडण झालं. मी म्हटलं रिंग, ती म्हणाली किंग, मी सिंग, ती विंग, आणि मग मला काही सुचेना म्हणून मी ठोकून दिलं, "मिंग!"

मेहरूनं चिंच तोंडातून काढली. "मिंग का मतलब बोल."

"मतलब काय को होना? जुळतंय की!"

"ऐसा नक्को. मतलब नै तो लफ्ज नै. खाली बोम मारना है तो बकरी भी मारती."

मला राग आला, पण काय सांगू, त्या रागातच मला गंमत कळली. ताकाच्या डेऱ्यापाशी मी काकूला जे विचारलं होतं, तेच ही पोर मला विचारत होती. त्या दिवसापासून आमचा नियम झाला: शब्द म्हणायचा, जोड लावायची, अर्थ सांगायचा आणि मगच डाव समोरच्याकडं द्यायचा. अर्थ राहिला तर डाव गेला. समोरचीनं नुसतं "मतलब?" म्हणून हात पुढं करायचा.

शब्दकोश आमच्या सात पिढ्यांत कुणी बघितला नव्हता. मग आम्ही एक रीत काढली. 'आइट' घ्यायचं आणि त्याच्याआधी एबीसीडीतलं एकेक अक्षर, कधी दोन-तीन जोडूनही, लावत जायचं. बाइट, काइट, डाइट, फाइट, गाइट, असं झेडपर्यंत. त्यातला खरा शब्द कोणता आणि आमच्या पदरचा कोणता, आम्हाला काय ठाऊक? सगळा ढीग दुसऱ्या दिवशी उस्तानींपुढं न्यायचा. मधल्या सुट्टीत त्या सुपारी कातरत बसायच्या. आम्ही म्हणत जायचो आणि त्या मान हलवत जायच्या. "काइट, है. गाइट, नहीं. फाइट, है." सुपात घालून पाखडावं तसा आमचा ढीग पाखडला जायचा. जे दाणे उरायचे त्यांचा अर्थ त्या उर्दूत सांगायच्या. घरी आल्यावर मी तो आईपुढं मांडायची, आणि आई भाकरी थापता थापता त्याला आपला शब्द द्यायची. काइट म्हणजे पतंग, ते सोपं. ब्राइट म्हणजे रोशन, रोशन म्हणजे? आई म्हणाली, "लख्ख." तांब्याकडं बोट करून म्हणाली, "हा घासल्यावर होतो तसा." इंग्रजांचा तो शब्द हैदराबादवरून आमच्या चुलीपाशी येऊन लख्ख झाला, याचा मला जो आनंद झाला तसा पुढं पदवीच्या कागदानंही दिला नाय. आजकाल नातवंडं फोनला विचारतात आणि फोन सांगतो. सांगो बापडा. आमच्या एकेका शब्दामागं एक रात्र वाट बघितलेली असायची, म्हणून ते शब्द अजून पाठ आहेत.

अशी दोन-तीन वर्षं गेली. आणि मग काकूनं माझ्यासाठी स्थळ आणलं.

कन्नड गावच्या गिरदावरांचा, म्हणजे महसुलातल्या अंमलदारांचा मुलगा. अण्णांच्या कचेरीत त्यांची ऊठबस. मुलगा मॅट्रिक झालेला, घरी दुभती जनावरं, हुंड्याचा हट्ट नाय. पत्रिका बघितली तर अशी जुळली की जोशीसुद्धा हरखले. काकू गल्लीभर सांगत सुटली. मी आईला म्हटलं, "माझी शाळा?" आई म्हणाली, "अण्णांना विचार." अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, "आधी येऊ तर दे त्यांना." मंजूर नाय, नामंजूर नाय. म्हणजे अर्ज अजून साहेबापुढं होता. हे लग्न ठरलं असतं तर त्याच उन्हाळ्यात मी कन्नडला गेले असते आणि चटईवरची माझी जागा रिकामी झाली असती, एवढं मला स्वच्छ दिसत होतं. वर्गातल्या तीन पोरी अशाच एकेक करून गेल्या होत्या. कुणी परत आली नव्हती.

रविवारी पाहुणे आले. गिरदावरसाहेब, त्यांचा मुलगा आणि मुलाचा मामा. गिरदावर अंगानं भरलेले, कोटावर घड्याळाची साखळी, बोलणं असं की समोरचा रयतच आहे. मुलगा आपला बुटांच्या नाड्यांकडं बघत बसलेला. आईनं चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता, वर शेंगदाणे आणि कोथिंबीर, आणि काकूनं तो वाढता वाढता तीनदा सांगितलं की पोरीनंच केलाय. धादांत खोटं. मला पाटावर बसवलं. नाव विचारलं. "द्वारका." चालून दाखव म्हणाले, चालले. सुई ओवून दाखव म्हणाले, ओवली. पोथी वाचून दाखव म्हणाले, वाचली. मनातल्या मनात मी म्हणत होते, बैलाचे दात बघतात तसे आता दात तेवढे बघा म्हणजे झालं.

तेवढ्यात काकूला राहवलं नाय. "आमची पोर इंग्रजीत यमक जुळवते बरं का! माझ्यावर गेलीय."

"अस्सं?" गिरदावर पुढं सरकले. "आमच्या कन्नडात अशी सून कुणाकडं नाय. बघू तर. वाइफ. लाव जोड ह्याला."

तो शब्द त्यांना कुठून ठाऊक होता देव जाणे, कुण्या गोऱ्या साहेबानं विचारपूस करताना म्हटला असेल. पण माझं नशीब बघा. ती ओळ मेहरूनं आणि मी आदल्याच आठवड्यात उस्तानींकडून पाखडून आणली होती. मी मान वर केली आणि म्हटलं, "लाइफ. नाइफ. स्ट्राइफ."

मला वाटलं होतं, आता भडकतील. कशाचं काय! गिरदावरांनी मांडीवर थाप मारली. "वाहवा! वाहवा! काय जुळतंय! वाइफ, लाइफ, नाइफ..." मामा हसले, मुलगाही हसला, काकूचा चेहरा असा फुलला की जणू तीच पसंत झाली. "पेशकारसाहेब, आम्हाला मुलगी पसंत. आमच्या साहेबांचा दौरा आला की म्हणून दाखवील. काय पोरी, दाखवशील ना?" काकू साखर आणायला उठलीसुद्धा. मी पाटावर बसलेली. माझ्या हातात जी एक सुरी होती ती मी उगारली होती, आणि या माणसाला तिचा नुसता आवाज छान वाटला होता. त्या क्षणी मला जो संताप आला, तो अजून आठवला की कान गरम होतात.

आमच्या माळवदाला उजेडासाठी एक झरोका होता. त्यातून वरून आवाज आला, बारीक पण खणखणीत. "मतलब?"

सगळ्यांनी वर बघितलं. झरोक्यात मेहरूचा हात पुढं केलेला, बांगड्यांसकट. "मतलब बोल गे, द्वारका! मतलब नै बोली तो डाव गया!"

"कोण आहे ते?" गिरदावर म्हणाले.

मी उभी राहिले. बघायला आलेल्यांपुढं पोरीनं न सांगता उभं राहायचं नसतं, पण राहिले. "थांब काकू, साखर ठेव खाली. अर्थ राहिला. वाइफ म्हणजे बायको. लाइफ म्हणजे जिनगानी. नाइफ म्हणजे सुरी. स्ट्राइफ म्हणजे भांडण. माझं झालं. आता डाव तुमच्या मुलाकडं. त्यांनी 'बुक'ला जोड लावावी. अर्थासकट."

मुलानं तोंड उघडलं. मला आजही वाटतं, त्याला येत असावं. डोळे चमकले होते बिचाऱ्याचे. पण गिरदावरांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मुलीनं मुलाला विचारायचं नसतं."

"मग मलाबी विचारू नका," मी म्हटलं. "मला शाळेत जायचंय. मला हे लग्न करायचं नाय."

माग थांबला होता. चाचासुद्धा ऐकत असणार. आईनं पदर तोंडाला लावला. अण्णा हातातल्या कपाकडं बघत बसले होते, कप रिकामा होता. आणि गिरदावर हसले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. "लहान आहे अजून," ते म्हणाले. "एकदा अक्षता पडल्या की सगळे अर्थ आपोआप कळतील. आम्हाला पसंत ते पसंत. पेशकारसाहेब, समजावा पोरीला आणि आठवड्यात निरोप धाडा." टोपी घातली आणि गेले. सुशीला मात्र एकानंही ताटात ठेवला नव्हता.

मग काय, घरात धुडगूस. "पोरगी नाय ही, सुरी आहे सुरी!" काकू कपाळ बडवत म्हणाली, आणि त्या दिवसापासून मरेपर्यंत तिनं मला नाइफबाई म्हणूनच हाक मारली. अण्णा एवढंच म्हणाले, "सध्या घरी बस." सोमवारी मेहरू एकटी शाळेत गेली.

आता तुम्हाला वाटेल मी रडले असेन, जेवण सोडलं असेल. अजिबात नाय. दोन वेळा पोटभर जेवले. भुकेल्या पोटानं भांडता येत नाय. सांजच्याला अण्णा कचेरीतून येऊन पडवीत बसले की मी मुद्दाम माळवदावर जायची. मेहरू त्या दिवशीचे शब्द घेऊन कठड्यावर तयार असायची, आणि आम्ही खाली नीट ऐकू जाईल अशा आवाजात खेळायचो. "कुक!" "म्हणजे स्वैपाकी!" "लुक!" "म्हणजे बघ!" काकू खालून ओरडायची, "नाइफबाई, उतर खाली!" मी आणखी मोठ्यानं, "हुक! म्हणजे आकडा!" एकदा मी वाकून बघितलं तर अण्णा खांबाला टेकून बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. जप करत असतील असं मला वाटलं.

आईनंही त्या आठवड्यात एक गोष्ट सांगितली. शेंगा फोडत बसलो होतो. ती म्हणाली, "माझ्या लग्नात मला नाव घ्यायला लावलं, तेव्हा काकूनं कानात सांगितलं ते मी म्हटलं. लई टाळ्या पडल्या. काय म्हटलं होतं ते घरी येईस्तोवर विसरले." थोड्या वेळानं म्हणाली, "तू विसरू नको." तिच्या तोंडून एवढं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मी तिच्या मांडीवरची टरफलं गोळा केली.

आठवडा सरला. अण्णा नेहमीसारखे आले, शेरवानी खुंटीला लावली, पाय धुतले, पाटावर बसले. आई तव्यावर भाकरी टाकत होती, काकू ठेचा वाढत होती, मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी. काकूनंच विषय काढला. "भावजी, कन्नडला निरोप धाडायचा आज. माणूस यायचा होता ना कचेरीत?"

"आला होता," अण्णा म्हणाले. भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, खाल्ला. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "द्वारके, 'नामंजूर'ला इंग्रजीत काय म्हणतात?"

मला ठाऊक नव्हतं. माझ्या सगळ्या ओळी, सगळे पाखडलेले दाणे मी भराभरा चाचपले, त्यात तो शब्द नव्हता. मी म्हटलं, "ठाऊक नाय."

आईची भाकरी थापायची थांबली.

"मग उद्या शाळेत विचारून ये," अण्णा म्हणाले. "मला आज त्या माणसाला उर्दूत सांगावं लागलं."